फ्राऊ लिंकेच्या जेवणाच्या सुट्टीत

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे, शाळेतली नव्हे आणि आगीच्या बंबावरचीही नव्हे. मी होडीची घंटा आहे. जर्मनीत ड्रेस्डेन शहरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आल्टलिंडे नावाची एका सरदाराची जुनी जहागीर आहे. तिथल्या तळ्याकाठी, एका गोल घुमटीच्या दारात मी टांगलेली असते. मला कुणी वाजवलं, की पलीकडच्या काठावरून होडी निघते आणि वाजवणाऱ्याला घेऊन जाते. एवढंच माझं काम. पण ते मी दोनशे वर्षांहून जास्त काळ करते आहे आणि माझ्या आवाजाचा मला थोडा गर्वही आहे, हे आधीच सांगून टाकते. जिच्या पोटात एवढा मोठा लोळा आहे, तिने गप्प तरी का बसावं?

माझा जन्म मातीच्या साच्यात झाला. ओताऱ्याने तांबं आणि कथील वितळवून त्यात ओतलं आणि साचा जमिनीत पुरून ठेवला. मी निवल्यावर त्याने माती फोडून मला बाहेर काढलं, राखेने घासलं आणि बोटाने टिचकी मारली. मी 'ठण्ण' म्हणाले. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो हसला आणि त्याने पुन्हा एकदा टिचकी मारली. जन्मल्याबरोबर कुणी हसून स्वागत केलं, की पुढचं आयुष्य बरं जातं, असा माझा अनुभव आहे.

ज्याने मला करवून घेतलं, तो काउंट, म्हणजे इथला सरदार, तरुणपणी इंग्लंडला जाऊन आला होता. तिथल्या सरदारांच्या महालांभोवतीच्या बागा बघून त्याला वेडच लागलं. तोवर इकडच्या बागा कशा, तर फूटपट्टी घेऊन आखल्यासारख्या. सरळ वाटा, चौकोनी वाफे, एका उंचीला कापलेली झुडपं. काउंटने परत आल्या आल्या सगळ्या सरळ वाटा उखडून टाकल्या. त्याने तळं खणवलं, त्या मातीची टेकडी रचली, लांबून मोठाले ओक आणि बीच आणून लावले. सगळं आपोआप उगवल्यासारखं दिसावं म्हणून शेकडो माणसं कितीतरी वर्षं राबत होती! वाटा तर त्याने अशा वळवल्या, की समोर पूल दिसतो, तुम्ही त्याच्याकडे चालू लागता आणि वाट तुम्हाला झाडीत नेऊन पूलच लपवून टाकते. पाहुणे चुकले, की काउंटला फार आनंद होई. चुकल्याशिवाय बाग कळत नाही, असं तो म्हणे.

मी राहते ती घुमटीही अशीच हौसेची आहे. तिला खांब आहेत, पायऱ्या आहेत, वर घुमट आहे आणि आत फळांची टोपली घेतलेली एक दगडी बाई उभी आहे. तिचं नाक कधीतरी उडालं. तिची पूजा कधीच कुणी केली नाही. महालाच्या खिडकीतून लांबून छान दिसावी, एवढ्यासाठीच ही घुमटी बांधली.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. मी वाजले, की होडी निघे. मी नवऱ्यामुलींना पलीकडे धाडलं, पाद्रीबुवांना धाडलं, एकदा एका रुसलेल्या बोकडालाही धाडलं. काउंटच्या म्हाताऱ्या मावशीला माझा आवाज ऐकल्याशिवाय संध्याकाळची कॉफी गोड लागत नसे.

पुढे लढाया आल्या. त्या काळात घंटा उतरवून वितळवत आणि त्यांच्या धातूचं युद्धाचं सामान करत. तेव्हाच्या नावाड्याला हे बघवेना. त्याने एके पहाटे मला गोणपाटात गुंडाळलं, तळ्याच्या मध्यावर नेलं आणि अलगद पाण्यात सोडलं. गाळात मी कितीतरी वर्षं पडून होते. वर बदकांचे पाय हलताना दिसत आणि मला वाटे, आपला आवाज आता गेलाच. पण त्या नावाड्याच्या मुलीने मला विसरू दिलं नाही. तिने गळ टाकटाकून मला वर काढलं, घासूनपुसून पुन्हा दारात टांगलं. आज होडी वल्हवणारी फ्राऊ लिंके, म्हणजे लिंकेबाई, ही त्या मुलीची मुलगी. साठी उलटली आहे, दंड मात्र अजून लाकडासारखे कणखर आहेत.

हल्ली माझं काम कमी झालं होतं. तळ्याच्या टोकाला असलेल्या जुन्या पुलाची डागडुजी झाली आणि लोक पुलावरून जाऊ लागले. मला वाजवायचे ते बहुतेक गंमत म्हणून आणि वाजवून पळून जायचे. फ्राऊ लिंकेचा नियम मात्र तिच्या आजोबांपासूनचा: घंटा वाजली, की यायचंच. ती बिचारी तळं ओलांडून यायची आणि काठावर कुणीच नसायचं. त्या वसंतात बागेच्या कचेरीतली दोन माणसं आली, त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं आणि ठरवलं, की पुढच्या वर्षी इथे एक बटण बसवायचं. बटण दाबलं, की फ्राऊ लिंकेच्या फोनवर सूचना जाईल. मला मात्र महालात काचेच्या कपाटात ठेवणार होते, खाली माझ्या नावाची पाटी लावून. तुम्ही म्हणाल, मान मिळाला. पण मित्रांनो, काचेच्या कपाटात घंटा म्हणजे गाळातली घंटाच. फक्त बदकं नाहीत.

आता सांगते गेल्या सप्टेंबरातल्या त्या रविवारची गोष्ट.

दुपारी साडेअकराच्या सुमाराला घुमटीसमोर पाच माणसं आली. ड्रेस्डेनच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर असलेला गौरांग, विद्यापीठात संशोधन करणारी त्याची बायको उल्का, त्यांची आठ वर्षांची इरा आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले गौरांगचे आईवडील, कुंदाताई आणि दिनकरराव. त्यांची भाषा मला कशी कळली, असं विचारू नका. घंटेला सगळ्या भाषा कळतात. ती स्वतः एकच शब्द बोलते, त्यामुळे ऐकायला तिला वेळच वेळ असतो.

दिनकररावांचं सगळं आयुष्य एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढण्यात गेलं होतं. बागेत आल्यापासून ते वाटांवर चिडलेले होते.

"काय रे ही वाट! इथून तिथे जायला अर्धं जर्मनी फिरवलं. दोन बिंदूंमध्ये एक रेघ मारायची, संपलं."

"बाबा, दॅट इज द पॉइंट," गौरांग म्हणाला. "इंग्लिश गार्डन आहे. इथे मुद्दाम सरळ काही ठेवलेलं नाही."

"मग मुद्दाम चुकलंय असं म्हण."

कुंदाताईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांना खांब दिसले, पायऱ्या दिसल्या, घुमट दिसला आणि दारात टांगलेली मी दिसले. त्यांनी पहिल्याच पायरीशी बूट काढले, मोजे काढले, पदर सारखा केला आणि वर येऊन हात उंच करून, लोळ्याची आखूड दोरी ओढून मला वाजवलं. ठण्ण! मग आतल्या बाईसमोर हात जोडून डोळे मिटले.

"अगं, ए!" दिनकरराव खालून म्हणाले. "देऊळ नाहीये ते. शोभेचं आहे. गौरांगने पाटी वाचून दाखवली ना आत्ता?"

"शोभेचं असलं म्हणून बूट घालून जायचं का? आत बाई उभी आहे, हातात फळांची टोपली आहे. मला तर अन्नपूर्णाच वाटतेय."

"तिला नाक नाहीये!"

"म्हणून काय झालं? अहो, या तुम्ही वर."

बायकोने वर बोलावलं आणि दिनकरराव गेले नाहीत, असं त्या घरात होत नसावं. तेही बूट काढून वर आले आणि दारातून आत शिरताना त्यांचा हात सवयीने आपोआप माझ्याकडे गेला. ठण्ण! मागून उल्का आली, तिनेही वाजवली. गौरांग 'नको, नको' म्हणत आला आणि आत शिरताना त्यानेही वाजवलीच. इराचा हात पोहोचेना, तेव्हा तिला बापाने उचललं. तिने तर लागोपाठ वाजवली. मित्रांनो, काय सांगू! मला कुणी पळून जाण्यासाठी वाजवत नव्हतं. आत येण्यासाठी वाजवत होतं. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं, की मी दारातही टांगलेली आहे.

तेवढ्यात पलीकडून वल्ह्यांचा आवाज आला. फ्राऊ लिंके घामाघूम होऊन काठाला लागली.

"आल्झो, कोणकोण येणार?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

कुणीच येणार नव्हतं. गौरांगचे कान लाल झाले. "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग," म्हणत तो माफी मागू लागला. आमच्याकडे देवळात शिरताना घंटा वाजवतात, हे त्याने सांगून पाहिलं. फ्राऊ लिंकेने त्या पाच जणांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, नाक नसलेल्या दगडी बाईकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही होडीची घंटा आहे, खेळणं नव्हे. एकदा वाजवलं तर मी एकदा येते. तुम्ही इतक्यांदा वाजवलीत, मला वाटलं लग्नाचं वऱ्हाडच आलं. आता बारा वाजतायत. एक वाजेपर्यंत माझी जेवणाची सुट्टी आहे."

असं म्हणून तिने खिशातून चामड्याचा पट्टा काढला, माझ्या लोळ्याला घट्ट बांधला आणि होडी वळवून निघून गेली. तिचा राग खोटा नव्हता, सुट्टीही हक्काची होती. पण लोळा बांधला, की घंटेला कसं वाटतं, ते तोंडावर हात ठेवून पाहिल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

"ऐकलंत?" दिनकरराव पायऱ्या उतरता उतरता म्हणाले. "गणपतीतसुद्धा मी हेच सांगत होतो. ही घंटा हातात घेते आणि आरतीच्या पुढे पळते. ठेका म्हणून नाहीच! आम्ही दुसऱ्या कडव्यावर, ही तिसऱ्याच्या दारात."

"तुम्ही रेंगाळता, म्हणून मी पळते," कुंदाताई म्हणाल्या.

इरा हसली. तिला मराठी सगळं कळे, पण ती उत्तर जर्मनमध्ये देई. आजीने पाणी हवं का विचारलं, की 'या, बिट्टे', म्हणजे हो, प्लीज. कुठे जायचं विचारलं, की 'वाइस निश्त', म्हणजे माहीत नाही. कुंदाताईंना जर्मन येत नव्हतं, तरी त्या दोघींचं छान चाले.

घुमटीजवळच्या हिरवळीवर चादर पसरली. पिशवीतून डबे निघाले: मेथीचे ठेपले, दही, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं आणि सांज्याच्या पोळ्या. दिनकररावांना मधुमेह होता. जेवणाआधी ते इन्सुलिनची सुई घेत. डबे उघडलेले दिसले, तशी त्यांनी पाठ फिरवून सुई घेऊन टाकली. वेळेच्या बाबतीत माणूस रेघेसारखा सरळ.

ते ताटलीकडे हात नेणार, तोच कुंदाताई म्हणाल्या, "थांबा. आधी तिला नैवेद्य दाखवते."

"कुणाला? त्या नकटीला?"

"असं बोलू नये. इरा, मोठं पान शोधून आण बरं एक. खाली पडलेलं हं, तोडायचं नाही."

इरा चेस्टनटची पानं गोळा करायला पळाली. दिनकररावांनी समोर पाहिलं. झाडांच्या फटीतून पूल अगदी हाकेच्या अंतरावर दिसत होता.

"तुझा नैवेद्य होईतो त्या पुलाची कमान बघून येतो. हा काय समोर आहे. पाच मिनिटांत आलो," म्हणाले आणि निघाले. फोन त्यांनी चार्ज व्हायला पिशवीतल्या पॉवर बँकला लावून ठेवला होता, तो तिथेच राहिला.

मी वरून बघत होते. समोर पूल दिसला, की वाट काय करते, हे मला ठाऊक होतं. पण माझा लोळा बांधलेला.

नैवेद्य साग्रसंगीत झाला. इराने आणलेली पानं धुतली गेली, त्यांवर थोडं थोडं सगळं वाढलं, पाणी फिरवलं, हात जोडले. उल्काने ताटल्या वाढायला घेतल्या आणि तिला गवतात सुईचं टोपण दिसलं.

"आई, बाबांनी सुई घेतली का?"

कुंदाताईंनी टोपण हातात घेतलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. सुई घेतली, की थोड्या वेळात पोटात अन्न जायलाच हवं. नाहीतर साखर खाली येते, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस बसल्या जागी पडतो. पुण्यात एकदा असं झालं होतं, तेव्हा शेजारी होते. इथे नुसती झाडं होती. दिनकररावांना जाऊन आता पंचवीस मिनिटं झाली होती.

गौरांग पुलाच्या दिशेने धावत सुटला. उल्का टेकडीच्या वाटेने गेली. कुंदाताई तळ्याच्या काठाशी उभं राहून हाका मारू लागल्या, "अहो! अहोऽऽ!" चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ते त्या घाईतही तोंडात येईना. पलीकडच्या काठावर फिरणाऱ्या एका जर्मन आजोबांनी टोपी काढून त्यांना हात केला. बाकी कुणी ओ दिली नाही.

"माझंच चुकलं," कुंदाताई पुटपुटल्या. "जेवू द्यायचं आधी. देवीने काय, ती थांबली असती."

गौरांगचा फोन आला. तो पूल ओलांडून गेला होता, पण पुढे वाटेला फाटे फुटत होते आणि बाबा कुठेच दिसत नव्हते.

कुंदाताई तशाच घुमटीच्या पायऱ्या चढून आल्या आणि त्यांनी माझा पट्टा सोडायला घेतला.

"नाइन, आजी!" म्हणजे नको, इरा घाबरून म्हणाली आणि महालाच्या घड्याळाकडे बोट दाखवून पुढचंही जर्मनमध्येच म्हणाली. त्याचा अर्थ होता, पाऊजं आहे, सुट्टी आहे, वाजवायला बंदी आहे. जर्मनीत वाढलेलं ते पोर. जेवणाच्या सुट्टीत घंटा वाजवायची म्हणजे लाल दिव्यात रस्ता ओलांडण्यासारखं.

"असू दे बंदी," कुंदाताई म्हणाल्या. "मला ओरडली तर ओरडू दे. तुझ्या आबांना शोधायचंय."

गाठ घट्ट होती. त्यांनी नखांनी उकरून सोडवली. आणि मला वाजवलं. असं वाजवलं, की गाळातून वर आल्यावरही मी इतकी मोकळी वाजले नव्हते. टेकडीवरचे पक्षी उडाले.

फ्राऊ लिंके आलीच. तिचा नियमच होता. अर्धा पाव मांडीवर, चेहरा लालबुंद, वल्ही पाण्यावर आपटत. काठाला लागायच्या आधीच तिने तोंड सोडलं, "सुट्टी म्हणजे काय, ते तुम्हाला कळत नाही का!"

इरा पायऱ्या उतरून थेट पाण्याच्या कडेला गेली. घाबरली होती, पण तिने एका दमात सगळं सांगितलं. माझे आबा हरवलेत. त्यांनी सुई घेतली आहे आणि ते जेवलेले नाहीत. त्यांना जर्मन येत नाही.

फ्राऊ लिंकेने मांडीवरचा पाव बाजूला ठेवला. "कुठे गेले? पुलाकडे? अरे देवा, मग यूंच्या राईत शिरले असणार. तिथे सगळेच चुकतात." यू म्हणजे काळपट हिरवी, दाट झाडं, काउंटची फार लाडकी. "मी पलीकडच्या काठाने बघत जाते. तुम्ही वाजवत राहा. आवाज ऐकून येतील." आणि ती वळलीसुद्धा.

इराने ते आजीला अर्धं जर्मनमध्ये, अर्धं खुणांनी सांगितलं. कुंदाताईंनी लोळ्याची दोरी धरली आणि थबकल्या.

"नुसतं वाजवून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "त्यांना वाटेल, कुणीतरी होडीला बोलावतंय. ही होडीची घंटा आहे, एवढं ते आत्ताच शिकलेत."

मग त्यांनी डोळे मिटले आणि माझ्यावर आरतीचा ठेका धरला.

मित्रांनो, मी जन्मात तसं वाजले नव्हते. मला एकच माहीत होतं: ठण्ण, आणि मग गप्प. हे काहीतरी वेगळंच होतं. एक लांब, दोन आखूड, पुन्हा लांब, आणि थांबायचंच नाही! इराला गणपतीतला ठेका पाठ होता. ती खालच्या पायरीवर बसून टाळ्या वाजवू लागली. फिरायला आलेले लोक जमले. एका जोडप्याने काही न विचारता इरासोबत टाळ्या धरल्या. आणि दिनकरराव म्हणत होते ते अगदी खरं होतं. कुंदाताईंचा ठेका पुढे पळत होता. टाळ्या मागे, आम्ही दोघी पुढे.

वाजवता वाजवता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात थांबला नाही.

यूंच्या राईत एका बाकावर दिनकरराव बसले होते, हे मला नंतर कळलं. वाट त्यांना तीनदा त्याच बाकापाशी घेऊन आली होती. अंगाला दरदरून घाम सुटला होता, पाय लटपटत होते आणि कुठे पूल, कुठे तळं, काही उमगत नव्हतं. तेव्हा त्यांना घंटा ऐकू आली. आधी त्यांना वाटलं, भास आहे. मग त्यांनी कान दिला. आरती होती, आणि ती पळत होती. ते उठले.

त्यांनी पुढे जे केलं, ते या बागेत दोनशे वर्षांत कुणी केलं नव्हतं. त्यांनी वाट सोडली. आवाज हा एक बिंदू आणि आपण दुसरा, मधे एक रेघ. झाडांच्या बुंध्यांना धरत, झुडपांतून वाकून, 'गवतावर चालू नये' लिहिलेल्या पाटीला वळसा न घालता, काउंटने मोठ्या हौसेने रचलेल्या उंचवट्यावरून बसत, घसरत ते थेट तळ्याच्या काठाशी आले. मी त्यांना पलीकडच्या काठावर पाहिलं आणि इतका आनंद झाला, की मला आणखी जोरात वाजावंसं वाटलं.

"आबा!" इरा बोट दाखवून ओरडली. "आजी, आबा!"

फ्राऊ लिंकेची होडी तोवर पोहोचलीच होती. तिने त्यांना हाताला धरून आत बसवलं, आपल्या डब्याशेजारची सफरचंदाच्या रसाची बाटली त्यांच्या तोंडाला लावली आणि ती रिकामी होईपर्यंत हात काढला नाही. मग ती वल्हवू लागली. कुंदाताई अजून वाजवतच होत्या. थांबलं तर ते पुन्हा दिसेनासे होतील, असं त्यांना वाटत असावं.

होडी काठाला लागली. दिनकररावांच्या केसांत पानं होती, पँटला चिखल होता. त्यांनी वर पाहिलं आणि क्षीण आवाजात म्हणाले,

"अगं, किती घाई करतेस! ठेका सुटतोय."

कुंदाताईंनी दोरी सोडली आणि मटकन पायरीवर बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "सुटू दे," त्या म्हणाल्या. "सुटला म्हणून कळलं ना, मी आहे ते?"

"त्यावरूनच कळलं. इतकी बेताल आरती जर्मनीत दुसरं कोण करणार?"

गौरांग आणि उल्का धापा टाकत आले, तेव्हा एक नवलाचं दृश्य दिसत होतं. घरात ज्या माणसाला गोडाला बोट लावू देत नाहीत, त्याला त्याची बायको स्वतःच्या हाताने सांज्याची पोळी भरवत होती. नैवेद्याचीच. दिनकररावांनी दुसरी मागितली.

"आता ठेपला," कुंदाताई म्हणाल्या.

"अजून हात कापतायत."

"दाखवा बघू."

हात कापत नव्हता. तरी त्यांना अर्धी मिळाली.

फ्राऊ लिंकेलाही चादरीवर बसवून घेतलं. तिचा पाव होडीत भिजला होता. तिला ठेपले फार आवडले, लोणच्याने डोळ्यांत पाणी आलं, आणि 'गूट, गूट' म्हणत तिने पुन्हा लोणचं घेतलं. गौरांगने सुट्टी मोडल्याबद्दल परत माफी मागितली, तेव्हा तिने हात झटकला.

"माझ्या आजोबांनी ही घंटा तळ्यात लपवली होती," ती म्हणाली. "का, ते मला आज नीट कळलं."

जेवण झाल्यावर तिने गवतातून चामड्याचा पट्टा शोधून काढला. मला वाटलं, आता पुन्हा बांधणार. पण तिने तो आपल्या एका वल्ह्याच्या सैल झालेल्या कडीला गुंडाळला. तो आजही तिथेच आहे.

निघताना इराने बापाचा हात ओढला. तिला मला पुन्हा वाजवायचं होतं. गौरांगने तिला उचलून घेतलं, पण कुंदाताईंनी अडवलं.

"निघताना वाजवायची नसते गं. घंटा येताना वाजवायची."

"वारुम?" इराने विचारलं. म्हणजे का?

"कारण ती सांगते, मी आले. जाताना काय सांगायचं?"

इराने थोडा विचार केला. मग माझ्याकडे बघून, एकेक शब्द जुळवत, मराठीत म्हणाली, "मग आपण परत येऊ. तेव्हा मी वाजवते."

 कुंदाताईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

थंडीच्या तोंडावर कचेरीतली ती दोन माणसं पुन्हा आली, हातात टेप घेऊन. फ्राऊ लिंके घुमटीच्या पायरीवर उभी राहिली आणि त्यांना त्या रविवारची सगळी हकिकत तिने सांगितली, ठेपल्यांसकट. एक जण म्हणाला, बटणानेही तुम्हाला बोलावता येईल की. तेव्हा ती म्हणाली, "येईल ना. पण बटणावर ठेका धरता येत नाही."  ते दोघे टेप मिटवून निघून गेले. पुढे काय ठरेल, मला माहीत नाही. पण वसंत आला, बीचला कोवळी पानं फुटली आणि मी अजून दारातच आहे. आणि एके सकाळी पायरीशी लहान बुटांचा एक जोड नीट लावून ठेवलेला दिसला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला घासून, पुसून, कपाटात ठेवून तिची काळजी घेतली, असं समजू नका. तिला कामाला लावा. आणि आपल्या माणसाला हाक मारायची सवय मोडू देऊ नका. त्याने ओ दिली नाही, तर आणखी जोरात मारा, आपल्याला जमेल तशी मारा, ठेका चुकला तरी चालेल.

कधी आल्टलिंडेला आलात, तर मला जरूर वाजवा. फक्त बारा ते एक नको, ती फ्राऊ लिंकेची जेवणाची सुट्टी असते. पण तुमचं कुणी हरवलं असेल, तर तेव्हासुद्धा वाजवा. ती येते.